मागचा आवाज

फळीच्या पलीकडून "कोन हाय?" असं आलं आणि तेजराम लांजेवारचा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर तसाच राहिला. एक्क्याण्णव सालच्या मार्चमधला रविवार होता, दुपारचे साडेतीन झाले होते. भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत तो एकटाच होता. त्याची बायको कलावती मागे आंगणात मिरच्या वाळत घालत होती, तिच्या बांगड्या मधूनमधून ऐकू येत होत्या. विचारणारा त्याचा बाप होता, देवराव; आणि देवरावांना गेल्या बारा वर्षांत कुणाचीही हाक ऐकू आली नव्हती. पाठीमागे परात पडली तरी ते मान वळवत नसत. तेजरामने बटण शून्यावर आणलं. पलीकडे शांत झालं. त्याने ते पुन्हा हळूहळू फिरवलं. कानांना जवळजवळ काहीच कळलं नाही, फक्त कपाटाच्या काचा कुरकुरायला लागल्या आणि पायांखालची फरशी जरा जिवंत झाल्यासारखी वाटली. आणि पुन्हा तोच आवाज आला, बहिऱ्या माणसाचा असतो तसा चिरका, सूर सुटलेला, "कोन हाय? दारात कोन हाय?" तिथे दार नव्हतं. दार तेजरामने आठ दिवसांपूर्वीच काढून टाकलं होतं.

दाराच्या जागी आता फळी होती. दीड इंच जाडीची, चौकटीत स्क्रूंनी पिळून बसवलेली, कडांना रबर आणि खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरलेली. आणि तिच्यात एकाखाली एक चार स्पीकर, प्रत्येक पंधरा इंचांचा. त्यांची तोंडं पुढच्या खोलीकडे आणि लोहचुंबकांच्या जड पाठी बाबांच्या खोलीकडे. जुन्या दाराच्या फळ्या कापून त्याने या नव्या फळीला मागून आडव्या पट्ट्या मारल्या होत्या, म्हणजे ती लवायला नको. टाउनशिपच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात दोन वर्षांपूर्वी त्याने ही रचना पाहिली होती. तिचं इंग्रजी नाव होतं इन्फिनिट बॅफल. तो मनात तिला अनंत फळी म्हणत असे. स्पीकरचा पडदा पुढे आला की पुढची हवा ढकलतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो. म्हणजे एका वेळी दोन आवाज जन्माला येतात, एकमेकांच्या उलटे, आणि ते भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. जितका आवाज खोल, तितका तो आधी मरतो. लोक म्हणून स्पीकर पेटीत घालतात, पण पेटीत हवा ती केवढी. ती दाबली जाते आणि पडद्याला अडवते. त्या मासिकात लिहिलं होतं की खरा उपाय एकच आहे. मागच्या आवाजाला एक अख्खी खोली देऊन टाकायची, आणि ती अशी बंद करायची की तो पुन्हा पुढच्या आवाजाला भेटणार नाही. तेजरामने ते वाक्य इतक्यांदा वाचलं होतं की ते त्याला पाठ झालं होतं. त्याने मागची खोली टेपने मोजली होती. दहा फूट, अकरा फूट, दहा फूट उंची. अकराशे घनफूट हवा. त्या हवेत बाबा राहतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण मोजताना ते कुठे आलं नव्हतं.

स्वयंपाकघरातून आंगणात, आंगणातून मागच्या दाराने तो बाबांच्या खोलीत गेला. आता जायचा रस्ता तोच होता. देवराव फळीसमोर उभे होते, डावा तळवा तिच्यावर टेकलेला, डोळे मिटलेले. "भट्टीचा ब्लोअर चालू झाला का बे?" त्यांनी विचारलं. सत्तरीला आलेला, कधीकाळी धिप्पाड असलेला माणूस. पोलादाच्या प्लांटमध्ये वीस-बावीस वर्षं खलाशी म्हणून जड यंत्रं चेनपुलीने उचलून जागेवर बसवण्याचं काम केलेला. तेजरामने मान हलवून नाही म्हटलं, फळीकडे बोट दाखवलं, मग बोटांनी रेडिओचं बटण फिरवल्याची खूण केली. देवराव हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "इथं वाजून रायलं. कान नाई, इथं." कलावती मिरच्यांचे हात तसेच घेऊन दारात आली होती. तिचे डोळे भरून आले. "मामंजींले आईकू आलं," ती म्हणाली. "मंग त्यांच्यासाठी लावत जा ना रोज थोडंसं." तेजराम म्हणाला, "ते आईकणं नाई. हवा हालते, आंग हालते, बस." तो खोलीभर नजर फिरवत होता. माणूस म्हणजे साधारण अडीच घनफूट. अकराशेत अडीच, काही फरक पडत नाही, असा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला, आणि तो होत असताना त्याला स्वतःची भीती वाटली. पण हिशेब झालाच. उत्तर बरोबर होतं.

दार बंद करायचं ठरलं तेव्हा कलावती भांडली नव्हती. ती भांडत नसे. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दोघांनी एकमेकांच्या वाटेत न येण्याची सवय लावून घेतली होती. तिने फक्त विचारलं होतं, "मामंजी जातील-येतील कुठून?"

"मागच्या दारानं. आंगणातून."

"अन् आपण त्यांले पाहाचं कसं?"

"जाऊन पाहाचं. दहा पावलं तर हायेत."

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "दिसत रायते तो मानूस वेगळा, अन् जाऊन पाहा लागते तो वेगळा." मग पुन्हा सूप उचललं. तेजरामला तेव्हा ते बायकी बोलणं वाटलं. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती तिने बोलून दाखवली नाही. कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीला होता आणि त्याची हवा त्या दारातूनच मागे जात असे. देवराव खाट बरोबर दारासमोर टाकून बसत. कान गेल्यापासून ते दार म्हणजेच त्यांचं घर होतं. कोण आलं, कोण गेलं, कलावतीच्या तोंडावर आज काय आहे, तेजराम जेवताना कितीदा मान वर करतो, सगळं ते त्या चौकटीतून बघत. कान कशाने गेले ते कुणी नक्की सांगितलं नव्हतं. टायफॉइडनंतर गेले, असं ते स्वतः म्हणत. आणि फळी बसवायच्या दिवशी तेजराम एकट्याने ती उचलू शकेना तेव्हा देवरावच पुढे झाले होते. त्यांना कुणी काम सांगून वर्षं लोटली होती. त्यांनी धोतर खोचलं, फळीखाली पहार कशी घालायची, वजन कुठे घ्यायचं ते दाखवलं, "हळू, हळू, माह्याकडं येऊ दे" असं प्लांटमधल्यासारखं म्हणत ती चौकटीत उभी केली, आणि तेजरामने बत्तीस स्क्रू पिळून होईपर्यंत पलीकडून दोन्ही हातांनी दाबून धरली. शेवटचा स्क्रू बसला. तेजरामने अलीकडून दोनदा थोपटलं, झालं म्हणून. बराच वेळ पलीकडे काही हालचाल नव्हती. मग आंगणातून चपलांचा आवाज आला आणि देवराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आपण फळीच्या कुठल्या बाजूला आहोत हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. पण ते म्हणाले एवढंच, "पक्की बसली."

हे सगळं कशासाठी, ते तेजराम कुणाला सांगू शकला नसता. हथखोजच्या भय्याजींनाही नाही, ज्यांच्या वर्कशॉपमध्ये त्याने ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला होता आणि जे त्याचे एकमेव म्हणावे असे मित्र होते. भय्याजी विचारत, "तेजराम, इतना नीचे का आवाज आईकणार कोन हाय?" तो हसून सोडून देई. तो प्लांटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होता. अठरा वर्षं कानाला रिसीव्हर. एक्स्चेंजची खोली थंड, कोरडी आणि शांत होती, आणि दिवसभर तारेतून माणसं बोलत; भट्टीवरची, मिलमधली, ऑफिसातली, रागावलेली, लाचार, कंटाळलेली. टेलिफोनच्या तारेतून माणसाचा तळ येत नाही. सेकंदाला तीनशेच्या खालची कंपनं तार घेतच नाही, ती गाळून टाकते. उरतो तो नाकातला, पातळ, कागदासारखा आवाज. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी कधीतरी त्याच्या लक्षात आलं की घरी आल्यावरही त्याला माणसं तशीच ऐकू येतात. कलावती बोलते ती तारेतून बोलते. बाजारातला भाजीवाला तारेतून ओरडतो. डॉक्टरने कान तपासून सांगितलं, काही दोष नाही. त्याला स्वतःलाही तसं वाटत होतं. दोष कानात नव्हता, माणसांतून काहीतरी काढून घेतलं गेलं होतं, आणि ते पूर्वी होतं एवढं त्याला पक्कं आठवत होतं. तो सहा-सात वर्षांचा असताना, भंडाऱ्याकडचं गाव सोडून ते नुकतेच इथे आले होते, टाउनशिप अर्धीमुर्धी उभी होती आणि चहूकडे लाल माती होती. तेव्हा बाप पहिली पाळी करून येई, आंघोळ करून खाटेवर उताणा पडे आणि त्याला छातीवर घेई. आई, राधाबाई, चुलीपाशी असे. दोघं काहीबाही बोलत. बापाचे शब्द त्याला कळत नसत, कारण ते कानाने ऐकूच येत नसत. त्याचा गाल बापाच्या छातीवर असे आणि तिथून आवाज थेट हाडात येई, गार विहिरीत घागर बुडते तसा. तो आवाज म्हणजे आपण कुठेतरी आहोत याची खात्री होती. पुढे आई गेली, तो मोठा झाला, बाप बोलेनासा झाला, मग बहिरा झाला, आणि बहिरेपणात त्याचा आवाज वर वर चढत किंचाळीसारखा पातळ झाला. बारा वर्षं तो आवाज रोज ऐकताना तेजरामच्या अंगावर काटा येई. तो बापाला टाळत असे तो त्याच्या आवाजासाठी, हे त्याला माहीत होतं. आणि ते माहीत असल्यामुळे तो आणखी टाळत असे.

मार्च गेला, एप्रिल गेला. अनंत फळी वाजत होती, पण शुद्ध वाजत नव्हती. खोल आवाजाची एक खोड असते, तो घरातली प्रत्येक सैल वस्तू शोधून काढतो. "आवाजाचा दुश्मन आवाज नसते," भय्याजी म्हणाले, "ढिल्ली चीज असते. जे जे वाजते ते ते काढ." तेजराम रोज संध्याकाळी एक्स्चेंजमधून येई, चहा घेई आणि शोधायला बसे. घरी बनवलेल्या छोट्या यंत्रातून तो एकेक कंपन सोडी, विसापासून चाळिसापर्यंत, आणि कुठे काय खडखडतं ते वहीत लिही. बावीसला बाबांची पत्र्याची पेटी. ती बाहेर गेली. चोविसाला खुंटीवरचा कंदील. सव्विसाला खिडकीची काच. ती खिडकी कायमची बंद करून कडांना कापूस आणि पट्टी भरली. अठ्ठाविसाला राधाबाईंचा फोटो खिळ्यावर थडथडत असे. तो त्याने उतरवला तेव्हा देवराव खाटेवर बसून बघत होते. तेजरामने पुढच्या खोलीकडे बोट दाखवलं, तिकडे लावतो म्हणून. देवरावांनी मान डोलावली. फोटो पुढच्या खोलीतही थडथडला असता, म्हणून तो कपाटात गेला. शेवटी त्या खोलीत खाट, अंथरूण आणि माणूस एवढंच उरलं. आणि मागचं दार. ते एकतीसला चौकटीत आपटत असे. आतली कडी झिजलेली होती, कितीही ओढली तरी सैलच. तेजरामने दाराच्या कडांना रबराची पट्टी मारली आणि बाहेरून एक नवी कडी बसवली, पेचाची, पिळली की दार चौकटीत रुतून बसेल अशी.

"बाहेरून?" कलावतीने विचारलं.

"वाजवतो तेवढाच वेळ. घंटाभर."

तिने कडीचा पेच एकदा पिळून बघितला. मग म्हणाली, "सांगून देत जा त्यांले. खुनेनं सांगत जा. नाई तर घाबरतील." तो सांगत असे. सुरुवातीला सांगत असे. दार लावण्यापूर्वी बाबांसमोर उभं राहून मूठ पिळल्याची खूण करी, एक बोट दाखवी, एक तास. देवराव मान डोलावत. ते आताशा कशालाही मान डोलावत. पुढे पुढे तेजराम नुसती मूठ पिळून दाखवी, आणि मेपर्यंत तेही सुटलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कलावतीच्या मावसबहिणीच्या मुलीचं, चंपाचं, लग्न होतं, भिलाई-तीनला. तेजराम जाणार नव्हता. तो कुठेच जात नसे. कलावती सकाळी दहाच्या बसने निघाली. जाताना म्हणाली, "मामंजींचं जेवन झाकून ठेवलं हाय. चार वाजता चाय द्याल. अन् दुपारून एक-दोन डाव पाहून येत जा, उन लय हाय." त्याने हो म्हटलं. बाराला त्याने बाबांना जेवण दिलं, ते थोडं जेवले. खोली भट्टीसारखी होती. देवरावांनी बंडी काढून ठेवली होती आणि ते खाटेच्या कडेवर बसून जमिनीकडे बघत होते. तेजराम म्हणणार होता, पुढे येऊन बसा. खूण करायला हात उचललाही. पण दीड-दोन महिने तो ज्याच्या मागे होता ती गोष्ट आता एका दुपारच्या अंतरावर होती, घर रिकामं होतं, आणि बाबा पुढे आले असते तर ते त्या पातळ आवाजात काहीतरी बोलत राहिले असते. त्याने हात खाली घेतला. बाहेर आला, कडी पिळली. पुढच्या खोलीत येऊन कूलर बंद केला, कारण त्याची घरघर मधे येत होती. सव्वा वाजता त्याने विसापासून सुरुवात केली.

तिसापर्यंत सगळं निर्मळ होतं. एकतीसला ठोका ऐकू आला. थड्. मग पुन्हा, थड् थड्. फळीतूनच येत होता, खालच्या दोन स्पीकरांच्या मधून कुठूनतरी. त्याने कंपन बंद केलं आणि कान देऊन थांबला. काही नाही. शांत. पुन्हा सोडलं; दहा-पंधरा सेकंद गेले आणि पुन्हा थड्, थड् थड्. बंद केलं की थांबतो, लावलं की येतो. म्हणजे दोष फळीत आहे, पडदा कुठेतरी टेकतो आहे किंवा स्क्रू सैल आहे. याहून सरळ निदान नसतं. त्याने पेचकस घेतला आणि बत्तीसच्या बत्तीस स्क्रू एकेक करून आवळले. घाम डोळ्यांत जात होता. पुन्हा लावलं. ठोका आता बारीक झाला होता, नुसतं घासल्यासारखं. "चालला," तो स्वतःशीच म्हणाला. फळीच्या मधल्या सांध्यात त्याने थोडी लांबी भरली, अंगठ्याने दाबली. चौथ्यांदा लावलं तेव्हा ठोका नव्हता. विसापासून चाळिसापर्यंत आवाज एकसंध, काळाभोर, कुठेही न फाटता वर चढला आणि खाली उतरला. मग त्याने कॅसेट लावली. पखवाजाची होती, एक म्हातारा वाजवणारा, मागे नुसता तंबोरा. आणि डाव्या पुडीवर पहिली थाप पडली तेव्हा तेजराम फरशीवर बसला, मग आडवा झाला. खोलीत कुणीतरी होतं. भिंतींना, फरशीला, त्याच्या बरगड्यांना धरून कुणीतरी सावकाश बोलत होतं, शब्द न लागता, आणि त्याच्याविषयीच बोलत होतं. अठरा वर्षांत त्याला पहिल्यांदा असं वाटलं की कानावरचा रिसीव्हर कुणीतरी काढून घेतला. तो रडला. चाळीस मिनिटांची बाजू संपली, त्याने कॅसेट उलटली, तीही संपल्यावर पुन्हा उलटली; चारचा चहा राहून गेला. ती दुपार त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती. पुढे त्याने पुष्कळ गोष्टी पुष्कळांना सांगितल्या, डॉक्टरला, नातेवाइकांना, कलावतीला; पण ही एक गोष्ट त्याला कुणालाही सांगता आली नाही.

कलावती लग्नातून लवकर निघाली होती. पाचच्या सुमारास ती आंगणाच्या बाजूने आत आली. तिने कडी बघितली. पेच उघडायला तिला दोन्ही हात लागले असणार. मग तिचा आवाज आला, मोठा नव्हता. "अहो. इकडं या जरा." देवराव फळीला टेकून जमिनीवर बसले होते, पाय पसरलेले, उजवा हात मांडीवर कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडलेला. डावा हात सगळ्यांत खालच्या चुंबकाच्या मागे अडकला होता आणि त्याची बोटं मधल्या पेरांवर सोललेली होती. डोळे उघडे होते. त्यांनी तेजरामकडे बघितलं. तोंड एका बाजूने ओघळलं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, तो पातळसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. अर्धांगवायू, उजवी बाजू, वाचाही गेली आहे, असं त्याने सांगितलं. वाचा बहुतेक आधीच गेली असेल, म्हणून हाक मारली नसेल. मग विचारलं, "कब हुआ?" तेजराम म्हणाला, "मालूम नहीं. मैं सामने के कमरे में था." कलावती शेजारी उभी होती. तेजरामला वेळ माहीत होती. एक वाजून बत्तीस मिनिटांनी त्याने वहीत लिहिलं होतं: एकतीस, ठोका, खालचे दोन, तपासणे. आणि रात्रीपर्यंत त्या बाकड्यावर बसून त्याला बाकीचंही कळलं. तो कंपन बंद करत होता तेव्हा ठोके थांबत होते, कारण बाबांना फळी थरथरायची थांबलेली हाताला कळत होती. कुणीतरी ऐकलं, आता येतील, असं वाटून ते थांबत होते. वाट बघत होते. कुणी येत नसे आणि फळी पुन्हा थरथरू लागे, तेव्हा ते पुन्हा ठोकत. चार वेळा त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. चार वेळा, किंवा तीन. चौथ्या वेळी ठोका नव्हता.

हे त्याने कलावतीला सांगितलं ते जूनमध्ये, देवराव घरी आल्यानंतर. तिने ऐकून घेतलं. ती बाबांच्या चादरी धूत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले सांगाले नोको होतं. आता हे वझं मले बी उचला लागंल." त्यानंतर त्या विषयावर ते बोलले नाहीत. फळी भय्याजी येऊन काढून घेऊन गेले. स्पीकर, ॲम्प्लिफायर, तारा, सगळं. बत्तीस स्क्रू काढताना त्यांनी एकदा विचारलं, "इतक्या मेहनतीचं बनवलं, कावून काढून रायला बे?" तेजराम म्हणाला, "जागा पाह्यजे." दार पुन्हा लावता आलं नाही, ते कापून झालं होतं. चौकटीत कलावतीने जुन्या लुगड्याचा पडदा लावला. नातेवाईक येत, गावाकडून चुलतभाऊ शामराव आला, चार दिवस राहिला. तेजराम बापाचं सगळं स्वतःच्या हाताने करतो, अंग पुसतो, कूस बदलतो, हे बघून जाताना म्हणाला, "असा पोरगा नशिबानं भेटते गा." कलावती तेव्हा चुलीपाशी होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि आंगणात निघून गेली.

देवरावांची खाट आता पुढच्या खोलीत होती. त्यांना ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, वाचता-लिहिता आयुष्यात कधी आलं नव्हतं. ते फक्त बघत. तेजराम खोलीत असेल तोवर त्याच्याकडे बघत. त्या बघण्यात राग आहे का हे त्याने दिवसेंदिवस शोधलं. राग सापडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ओळख होती. त्याहून जास्त काही होतं की नाही ते कळत नव्हतं. कडी बाहेरून लावलेली होती हे त्यांना कळलं होतं का? दारापर्यंत ते गेले होते का? आधी दार ओढून बघितलं, ते उघडेना, मग फळीकडे सरकत आले, की सरळ फळीकडेच आले, कारण पलीकडे मुलगा आहे हे माहीत होतं? एक्स्चेंजमध्ये त्याच्या हातून चुका होऊ लागल्या. रिसीव्हर कानाला लावला की त्यामागे त्याला ठोका ऐकू येई आणि तो समोरच्याला म्हणे, थांबा, बोलू नका. आणि समोरचा थांबे तेव्हा ठोकाही थांबलेला असे.

जुलैमधल्या एका दुपारी, कलावती रेशनला गेलेली असताना, त्याने ठरवलं. तो खाटेसमोर फरशीवर बसला. बाबांचं लक्ष होतंच. त्याने हवेत एक दार काढून दाखवलं, दोन्ही हातांनी चौकट, मग ते ओढून घेतलं, मग मूठ पिळून कडी लावली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी. मी लावली. देवराव बघत होते. मग त्याने डावी मूठ वळली आणि फरशीवर ठोकली, थड्, थड् थड्. बाबांकडे बोट दाखवलं, आणि दोन्ही तळवे उघडून वर केले. कावून? काय म्हणायचं होतं? देवराव त्या उघड्या तळव्यांकडे फार वेळ बघत राहिले. कपाळावर आठी आली, जणू जड काहीतरी उचलायचं आहे आणि धरायचं कुठे ते शोधताहेत. मग त्यांनी डावा हात सावकाश वर आणला, बोटं मिटून अंगठा तोंडाकडे वळवला, आणि ओठांवर टेकवला. पाणी.

त्या दिवशी पाणी पाहिजे होतं, असं ते सांगत होते; किंवा आत्ता पाणी पाहिजे, एवढंच मागत होते. खुणेत तेव्हाचं आणि आत्ताचं वेगळं करता येत नाही. विचारायला तेजरामजवळ दुसरी खूण नव्हती. तो उठला, माठातून पेला भरून आणला, मानेखाली हात घालून त्यांना उचललं आणि पेला ओठांना लावला. निम्मं पाणी आत गेलं, निम्मं मेलेल्या बाजूने हनुवटीवरून गळ्यात उतरलं. त्याने ते पंच्याने पुसलं, त्यांना खाली निजवलं आणि पेला ठेवायला वळला. देवरावांनी हात उचलला होता. अंगठा पुन्हा ओठांवर होता.